आपोआप म्हणजे कोण?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचे सात वाजले असतील. मी ओट्यापाशी भाकरी थापत होते आणि भाची, वय वर्षं नऊ, माझ्या मोबाईलवर आलेले मेसेज मोठ्यांदा वाचून दाखवत होती. जुलैत कोल्हापुरात कुणाच्याही घरात सकाळ अशीच उजाडते. आधी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फूट, मग राधानगरी धरण किती भरलं, आणि मग चहा. "राधानगरी धरणाचा सहा नंबरचा स्वयंचलित दरवाजा पहाटे उघडला. १४२८ क्युसेक विसर्ग सुरू," तिनं बातमीदाराच्या थाटात वाचलं. आणि मग साध्या आवाजात विचारलं, "आत्या, एवढ्या पहाटे दरवाजा कुणी उघडला?" मी म्हटलं, "कुणी नाही गं, तो आपोआप उघडतो." तिनं मोबाईल खाली ठेवला. "आपोआप म्हणजे कोण?"

भाकरी थापताना हात थांबला की कड चिरते. चिरली.

पोरीला उत्तर हवं होतं तेवढं मी दिलं. तळ्यातलं पाणी ठरलेल्या रेषेला पोचलं की पाण्याच्याच जोरानं दरवाजा वर उचलला जातो, पातळी उतरली की तो खाली येतो, रात्री-अपरात्री कुणाला चावी फिरवत बसावं लागत नाही. असे सात दरवाजे आहेत तिथं. तिला ते पटलं आणि ती दात घासायला गेली. माझ्या डोक्यातून मात्र प्रश्न जाईना. दरवाजा उघडला कुणी? पाण्यानं उघडला हे खरंच आहे. पण कुठल्या रेषेला उघडायचं हे ज्यानं ठरवून ठेवलं, त्यानं उघडला असं म्हटलं तर तेही खोटं नाही. मुळात ही दरी अडवायची हे ज्यांच्या मनात आलं त्या शाहू महाराजांनी उघडला म्हटलं तरी चालेल, आणि ते तर १९२२ साली गेले, पुरं झालेलं धरण त्यांनी पाहिलंच नाही. यातलं कुठलंही उत्तर दुसऱ्याच्या वाट्यातलं काही कापून घेत नाही. अर्धं पाण्यानं उघडलं आणि अर्धं इंजिनिअरनं, असं कुणी म्हणत नाही. चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत मुलांना शिकवताना मला बावीस वर्षं असंच काहीतरी उदाहरण हवं होतं. तरी त्या दिवशी आनंद झाला नाही. कारण पाण्याला काही हवं नसतं. पाणी रात्रभर जागून ठरवत नाही, आणि ठरवल्यावर रडतही नाही. माणूस तेवढं करतो.

हा प्रश्न आमच्या घरात माझ्या आधीपासून राहतो. माझे वडील, नाना, चर्चमध्ये एल्डर, म्हणजे मंडळीतले जबाबदार वडीलधारे, होते. आमची मंडळी प्रेस्बिटेरियन वळणाची. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले, त्यांच्या मागून जी शिकवण आली तिच्यात देवाचं पूर्वनियोजन अगदी पायाभरणीतच घातलेलं आहे. नानांकडून लहानपणी लघु प्रश्नोत्तरावली, म्हणजे प्रश्नोत्तरांतून विश्वास शिकवणारं छोटं पुस्तक, तोंडपाठ करून घेतली होती, १०७ प्रश्न, आणि ऐंशीव्या वर्षीही मधलाच कुठला आकडा सांगितला तर ते उत्तर म्हणून दाखवत. सातवा प्रश्न देवाच्या ठरावांचा. या प्रश्नोत्तरावलीच्या मागे जो मोठा विश्वासाचा जाहीरनामा आहे, वेस्टमिन्स्टरचा, १६४६ चा, त्याच्या तिसऱ्या प्रकरणातलं पहिलं वाक्य नाना मला समजावून सांगत. जे जे घडतं ते सगळं देवानं अनादिकाळापासून नेमून ठेवलं आहे, तरी पापाचा कर्ता तो नाही, आणि माणसाच्या इच्छेवर जबरदस्तीही नाही. 'तरी' या शब्दाशी नाना थांबायचे. चष्मा काढायचे, पुसायचे, परत लावायचे. मला लहानपणी वाटायचं की त्यांना पुढचं आठवत नाही.

आमच्या शेजारी एका घरात बाळाची पाचवी होती तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. पाट्यावर हळदी-कुंकू वाहिलेलं, शेजारी कोरा कागद आणि बोरू नव्हता म्हणून शाईचं पेन ठेवलेलं. रात्री सटवाई येणार आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाणार. मला तो कोरा कागद फार भारी वाटला होता. घरी येऊन मी नानांना विचारलं, "आपल्या देवाचंही असंच का? आधीच लिहून ठेवलेलं?" आई म्हणाली, "कायतरीच काय विचारतीस." नाना मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सटवाई लिहून निघून जाते, पोरी. आपला लिहिणारा जात नाही." मला तेव्हा ते कळलं नाही. आता कळतं असंही म्हणवत नाही, पण वाईट रात्री ते वाक्य जवळ येऊन बसतं.

खरं तर आम्ही ख्रिस्ती कसे झालो ही गोष्टच या प्रश्नाची आहे. शतक बदलायच्या आसपासची. माझे पणजोबा जोतिबाच्या डोंगराखालच्या एका गावचे शेतकरी. त्यांच्या पायाला जखम झाली, ती चिघळली, गावचं औषधपाणी हरलं. तेव्हा थोरल्या भावानं त्यांना बैलगाडीत घातलं आणि नरसोबाच्या वाडीला निघाला, दत्ताच्या पायाशी ठेवायला. आषाढ होता. शिरोळच्या अलीकडं रस्त्यावर पाणी आलेलं. पंचगंगा आणि कृष्णा दोघीही पात्राबाहेर. दोन दिवस ते धर्मशाळेत थांबले, पाणी हटेना, पायाचा वास सहन होईना. कुणीतरी म्हणालं, मिरजेला गोरा डॉक्टर आहे, पाय कापतो पण माणूस वाचवतो. वॉनलेस साहेबांचं ते हॉस्पिटल, १८९४ ला सुरू झालेलं. गाडी-बैल एका ओळखीच्याच्या दारात बांधून दोघे भाऊ आगगाडीनं मिरजेला गेले. पाय वाचला. पणजोबा दीड महिना खाटेवर होते आणि भाऊ खाटेखाली चटई टाकून निजत होता. वॉर्डात रोज सकाळी एकजण शास्त्र वाचायचा, दोन गाणी म्हणायचा, पुढच्या खाटेकडे जायचा. पाय बरा होईतो पणजोबांचं मन वळलं होतं.

भावाचं वळलं नाही.

आमच्या घरात ही गोष्ट सांगताना नेहमी पाण्यावर जोर असायचा. बघा, प्रभूनं नदी आडवी घातली. वाडीचा रस्ता बंद केला आणि मिरजेचा उघडला. मी स्वतः शब्बाथ शाळेत ती तशीच सांगितली आहे. पण कॉलेजात असताना एक दिवस एकदम उमगलं की खाटेवरच्या माणसाच्या आणि खाटेखालच्या माणसाच्या कानावर पडलेले शब्द तेच होते. गाणी तीच. फिनेलचा वास तोच. उलट खालचा जास्त जागा होता, वेदनेशिवाय ऐकत होता. पावसानं दोघांचाही रस्ता सारखाच अडवला होता. मग एकाच्या आत जे उघडलं ते दुसऱ्याच्या आत का नाही उघडलं? एकानं निवड केली आणि दुसऱ्यानं केली नाही, असं म्हणावं तर आमच्या पणजोबांनी काहीतरी कमावल्यासारखं होतं, आणि कृपा कमावता येत नाही हेच तर त्यांना तिथं शिकवलं गेलं. देवानं एकाला निवडलं आणि दुसऱ्याला नाही, असं म्हणावं तर खाटेखालच्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नाही. त्याच्या तोंडाकडे म्हणजे काय, तर त्याच्या पणतवंडांच्या तोंडाकडे. ती माझी माणसं आहेत. चैत्रात यात्रेला गेलं की गुलालानं माखलेला माझा चुलत भाऊ, मी त्याला दादा म्हणते, गर्दीतून हाक मारतो आणि हातातली नारळाची शकलं माझ्या ओंजळीत टाकतो. दर वर्षी भात निघाला की एक पोतं आमच्याकडे येतं. काकवीचा डबा येतो. आणि रविवारी उपासनेत कधी रोमकरांस पत्राचा नववा अध्याय वाचायला निघाला, की देवाची याकोबावर प्रीती आणि त्याच्या जुळ्या भावाचा, एसावाचा, द्वेष हे शब्द माझ्या छातीत काट्यासारखे रुततात. दोघे जन्मले नव्हते, दोघांनी बरंवाईट काही केलं नव्हतं, असंही तिथं स्पष्ट लिहिलंय. पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलानं पळवाट ठेवलेली नाही.

या प्रश्नानं भलेभले एकमेकांपासून तुटले. ऑगस्टीन हा सुरुवातीच्या शतकांतला मोठा ख्रिस्ती पंडित, त्याच्या एका प्रार्थनेत तो देवाला म्हणतो की तू जी आज्ञा करतोस ती पाळायचं बळ दे, मग हवी ती आज्ञा कर. हे ऐकून रोममध्ये पेलागियस नावाचा धर्मशिक्षक संतापला होता, माणसानं स्वतः काही करायचंच नाही का म्हणून. त्या ऑगस्टीनचं स्वतःचं काय झालं होतं? ३८६ साली मिलानच्या एका बागेत तो रडत बसलेला, भिंतीपलीकडून कुणा लेकराचा आवाज आला, घे आणि वाच, आणि त्यानं पुस्तक उघडलं. ते पान याच रोमकरांस पत्राचं होतं. ते लेकरू खेळत होतं, त्याला काही ठाऊक नव्हतं. पुढं हजार-बाराशे वर्षांनी डॉमिनिकन आणि जेझुइट या दोन कॅथलिक संघांचे पंडित रोममध्ये पोपपुढं वर्षानुवर्षं भांडले. देवाची कृपा आणि माणसाची इच्छा यांचा मेळ नेमका कसा बसतो यावर. १६०७ साली पोपनं कुणालाच बरोबर ठरवलं नाही. आपापलं शिकवा, पण दुसऱ्याला पाखंडी म्हणू नका, एवढंच सांगितलं. मला स्वतःला जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफिल्ड या इंग्लंडमधल्या उपदेशकांची गोष्ट जास्त जवळची वाटते. जिवाभावाचे मित्र. याच मुद्द्यावरून फाटलं. वेस्लीला वाटे, काहींनाच निवडणारा देव हा प्रीतीचा देव कसा. व्हाइटफिल्डला वाटे, निवड देवाची नसेल तर माझ्यासारख्याला आशाच नाही. १७७० साली व्हाइटफिल्ड वारला तेव्हा लंडनमध्ये त्याच्यासाठी उपदेश केला तो वेस्लीनं. वाद मिटला नव्हता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मला हा सगळा वाद शाहूपुरीतल्या आमच्या जुन्या घराच्या जिन्यावर उभं राहून घालावा लागला.

तो पूर कोल्हापूरकरांना सांगायला नको. ४३ फुटांना धोका आणि पाणी ५५ च्या वर गेलेलं, हायवे बंद, गावात दूध नाही. मी राजारामपुरीत, उंचावर. नाना शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या तोंडाशी, एकटे, वय ८१. जयंती नाल्याचा फुगवटा चढायला लागला तशी मी कमरेएवढ्या पाण्यातून, दोर धरून, कशीबशी पोचले. पाणी घरात आलं होतं, नाना माडीवर. वेताच्या खुर्चीत बसलेले, मांडीवर पवित्र शास्त्र, पायात मोजे. खाली पाण्यावर आमचा पिठाचा डबा तरंगत होता आणि भिंतीला हळूच टेकून परत मागे येत होता, पुन्हा टेकत होता. तो आवाज अजून कानात आहे. मी म्हटलं, "नाना, बोट आलीय, चला." ते म्हणाले, "माझ्या दिवसांतला एकही उगवला नव्हता तेव्हाच ते सगळे लिहिलेले आहेत. पाण्यानं त्यातला एक कमी व्हायचा नाही." एकशे एकोणचाळिसावं स्तोत्र. मला काही सुचेना. मग प्रेषितांच्या कृत्यांतला सत्ताविसावा अध्याय आठवला. पौलाचं गलबत वादळात सापडतं, चौदा दिवस भरकटतं, कित्येक दिवस सूर्य दिसत नाही, २७६ माणसं. देवदूत पौलाला आधीच सांगून जातो की कुणाच्याही जिवाला धक्का लागायचा नाही. म्हणजे ठरलेलं. पण खलाशी छोटी होडी पाण्यात उतरवून पळायला बघतात तेव्हा पौलच शिपायांना म्हणतो, हे तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. मी ओरडून म्हटलं, "नाना, पौलाला वचन मिळालं होतं तरी तो हातावर हात ठेवून बसला नाही." नाना शांतपणे म्हणाले, "पौल तारवात राहा म्हणाला. उतरा म्हणाला नाही."

मला त्यांचा इतका राग आला होता की रडू फुटलं.

तेवढ्यात बोट घेऊन आलेला गल्लीतला कुंभाराचा पोरगा जिना चढून वर आला. ओला चिंब, ओठ निळे पडलेले. त्याच्या स्वतःच्या घरात गौरी-गणपतीसाठी केलेल्या शेकडो मूर्ती पाण्यात होत्या. त्यानं आमचं बोलणं ऐकलं असावं किंवा नसावं. तो सरळ नानांच्या खुर्चीपुढं फरशीवर बसला. "नाना, तुमी येत न्हाईसा तर मी बी हितनं हलत न्हाई." एवढंच. नानांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मांडीवरचं पुस्तक बंद केलं, माझ्याकडे दिलं, मोजे काढून खिशात घातले आणि उठले. बोट कुंभार गल्लीवरून निघाली तेव्हा एका ओसरीवर मांडलेल्या शाडूच्या मूर्ती दिसल्या. रंग दिलेला नव्हता. पाणी पोटापर्यंत आलेलं. एका मूर्तीची सोंड आमच्यादेखत सुटली, पाण्यात पडली, आणि दूध नासावं तसं पाणी पांढरट झालं. पोरगा वल्हं मारत होता, त्यानं तिकडे पाहिलं नाही. नाना पाहत होते. कुंभाराचा मातीवर अधिकार नाही काय, हेही रोमकरांस पत्राच्या त्याच नवव्या अध्यायातलं. त्या दिवशी कुंभारही तिथंच होता आणि मातीही, आणि कुणाचा कशावर काही अधिकार उरलाय असं वाटत नव्हतं.

त्याच आठवड्यात सांगलीकडच्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, माणसं बुडाली. त्यात बसलेल्यांनीही आमच्यासारखीच निवड केली होती. घर सोडलं, बोटीत पाय ठेवला, जे करायला हवं तेच केलं. नंतर चर्चच्या आवारात कुणी मला म्हणालं, "बघा, वेळेवर तुम्ही गेलात, प्रभूनं नानांना राखलं," तर मला होय म्हणवेना. आम्हाला राखलं हे मी गुडघे टेकून म्हणते. पण मोठ्यांदा म्हणायला गेलं की त्या नदीकाठी कुणीतरी ऐकत असेल असं वाटतं. आजही वाटतं.

नाना त्यानंतर सात-आठ महिने जगले, माझ्याच घरी. एका संध्याकाळी शेंगा फोडत बसलो होतो. मी विचारलं, "नाना, माझं ऐकलं नाहीत, त्या पोराचं कसं ऐकलंत?" नानांनी शेंग सोलली, दाणे माझ्या ताटलीत टाकले. "माझे दिवस प्रभूच्या हवाली करायचा मला हक्क आहे. त्याचे करायचा नव्हता." थोडं थांबून म्हणाले, "लिहिलेलं आहे, हे माणसानं स्वतःपुरतं म्हणावं. स्वतःवर बेतलं तर धीर येतो. दुसऱ्याबद्दल म्हटलं की तोच धोंडा होतो." मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलून टाकलं. पणजोबांच्या भावाबद्दल आपण तेच तर म्हणत आलो, नाना. खाटेखालच्या माणसाला आपण निवडीतून वगळलं. एसाव करून टाकलं.

नाना हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "एसावाची गोष्ट तू कुठवर वाचलीस?" आणि त्यांनी मला उत्पत्तीचा तेहतिसावा अध्याय काढायला लावला. याकोब वीस वर्षांनी परत येतोय, भीतीनं अर्धमेला, भावाचं त्यानं सगळं लुबाडलंय. आणि तो एसाव धावत येतो, गळ्यात पडतो, मुका घेतो, दोघे रडतात. मग याकोब त्याला म्हणतो, तुझं तोंड पाहिलं आणि देवाचं तोंड पाहिल्यासारखं झालं. मी ते शंभरदा वाचलं असेल, पण नवव्या अध्यायाच्या शेजारी ठेवून कधी वाचलं नव्हतं. निवडलेल्या भावाला देवाचं तोंड कुणाच्या तोंडात दिसलं? नानांनी मग गोष्टीतला एक भाग सांगितला, जो आमच्या घरात कधी सांगितला गेला नव्हता. पणजोबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा भावकीनं त्यांना तोडलं, पाणी बंद, वाटणी बुडाली म्हणून सांगितलं. थोरला भाऊ भर बैठकीत गप्प बसला. पण त्या वर्षी त्यानं धाकट्याच्या वाट्याचं रान नांगरलं, पेरलं, आणि सुगीला रात्री बैलगाडीत घालून भाताचं पोतं कोल्हापुरात आणून टाकलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा. ते आमच्याकडे येतं ते पोतं हेच. मी आयुष्यभर ते प्रेमानं आलेली भेट समजत होते. तो आमचा वाटा होता, आणि तो त्यानं सोडून द्यायचा नाही असं ठरवलं होतं. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं?

फिलिप्पैकरांस पत्रात पौल एका दमात म्हणून जातो: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्या ठायी देवच घडवतो. मधे 'परंतु' नाही, 'कारण' आहे. नानांच्या जाहीरनाम्यातल्या 'तरी'पेक्षा मला पौलाचं 'कारण' जास्त पचतं. देव करतो म्हणून मी करत नाही, असं तिथं नाही. देव आत करत असतो म्हणूनच माझं करणं खरोखर माझं असतं. रान नांगरणारा तो भाऊ आठवला की हे मला कळल्यासारखं वाटतं. त्याचे हात त्याचे होते, घाम त्याचा होता, भावकीची भीती त्याची होती. आणि तरीही त्या पोत्यातून आमच्या घरी जे येत राहिलं ते एकट्या त्याच्या मनातलं नव्हतं, असं मी पैजेवर सांगेन. याहून पुढं मला जाता येत नाही. जाहीरनाम्याच्या त्या तिसऱ्या प्रकरणातच, ज्यांना देवानं तसंच सोडून दिलं त्यांच्याबद्दलचा एक परिच्छेद आहे. तो मी आजही डोळे न मिटता वाचू शकत नाही आणि शब्बाथ शाळेत शिकवत नाही. पौल स्वतः रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी, देवानं सर्वांवर दया करावी म्हणून, इथवर येतो आणि मग त्याचं बोलणंच तुटतं, तो नुसता खोली, केवढी ही खोली, म्हणत राहतो. तीन अध्याय वाद घातल्यावर. मला त्या तुटण्याचा फार आधार आहे.

मार्चमध्ये एका पहाटे नाना झोपेतच गेले. मयताला आलेला प्रत्येकजण म्हणाला, प्रभूची इच्छा. मी मान हलवली. दादा गावाहून आला होता, त्यानं काहीच म्हटलं नाही. कबरीत माती टाकायची वेळ आली तेव्हा माझ्या भावाच्या बरोबरीनं तो पुढं झाला, चपला बाजूला काढल्या आणि दोन्ही हातांनी माती लोटली. नखांत यात्रेचा नसेल, पण कसला तरी गुलाल होता.

तर गेल्या जुलैत, त्या सकाळनंतर तीन-चार दिवसांनी पाऊस उघडला. रात्री जेवणं झाली होती. मोबाईल वाजला आणि भाचीनंच वाचलं, "राधानगरीचा सहा नंबरचा दरवाजा बंद झाला." मग माझ्याकडे बघून, परीक्षा घेतल्यासारखं, "आपोआप?"

"ये, बस इथं," मी म्हटलं. "तुला एका बैलगाडीची गोष्ट सांगते." आणि मी तिला सांगितली, पाय, आषाढ, शिरोळच्या अलीकडचं पाणी, आगगाडी, खाट, खाटेखालची चटई. वाचणारा माणूस सांगितला, गाणी सांगितली. पणजोबा बरे झाले, त्यांनी येशूला मानलं, इथवर आल्यावर मी नेहमीच्या सवयीनं थांबले, कारण आमच्याकडे ही गोष्ट तिथंच संपायची.

ती माझ्या मांडीवरून उठून बसली. "आणि दुसरा भाऊ? तो कुठं गेला?"

"घरी गेला. रोपलावण राहिली होती ना, दोघांच्याही रानाची."